पूर्णेकाठचं जर्मनचं सूप

भागाबाई लग्न होऊन कवठाळीला आली तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. सगळा मुलूख परभणीत मोडायचा. तिचं माहेर कनेरगाव नाक्याच्या वरच्या अंगाला, माळावर. तिथं पाणी म्हणजे विहीर, आणि उन्हाळ्यात त्या विहिरीच्या तळाशी नुसती चमक दिसायची. कवठाळीला मात्र घराच्या दारातून पूर्णा दिसे. हट्ट्याच्या बाजाराला जाणारी गाडीवाट गावातून निघून नदीच्या वळणाजवळ यायची. त्या वळणाच्या पोटात मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती होती, सात-आठ घरांची. काठाकडून पहिलं घर दगडोबाचं.

सासरच्या बायकांना वाटलं, माळावरची पोरगी नदी बघून हरखेल. ती काही हरखली नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिने नवऱ्याला विचारलं, "ही इतकी जवळ काहून हाय?"

दगडोबा हसला. "आजा-पणजापासून तिथंच हाय. कुठं जाईल?"

दगडोबा हाडापेराने मोठा, बोलायला कमी. नुसत्या खोकण्यावरून कोणती मेंढी आजारी आहे हे तो ओळखायचा. नदीला तो गंगा म्हणायचा, तिकडे सगळेच म्हणतात. दर पावसाळ्यात ती गाळ आणून टाकायची आणि त्या मळईत तो हिवाळ्यात वांगी आणि उन्हाळ्यात टरबुजं लावायचा. मळईच्या शेंड्याला त्याच्या आईची समाधी होती, चार दगड आणि वर शेंदूर. हे सगळं त्याच्या लेखी पक्कं होतं. भागाबाई मात्र पावसाळा लागला की कपड्यांचं एक गाठोडं बांधून दाराजवळ ठेवायची. नणंदा हसायच्या. पुढे मुलगी झाली, सीमा. मग गाठोड्यात लेकराचे कपडे वाढले.

अशी बरीच वर्षं गेली. जिल्हा वेगळा झाला, हिंगोलीला कलेक्टर आला, हट्ट्याला एसटीच्या फेऱ्या वाढल्या. गाठोड्याची गरज काही पडली नाही.

२००६ च्या श्रावणात ती पडली. वर चार दिवस पाऊस लागून होता. सिद्धेश्वर धरण काठोकाठ भरलं, दरवाजे उघडणार म्हणून गावात दवंडी झाली. वस्तीच्या लोकांनी मेंढरं हाकून गायरानाच्या उंचवट्यावर नेली. भागाबाई गाठोडं आणि सीमाला घेऊन तिथं आधीच पोचली होती. दगडोबाने मेंढरं मोजली नाहीत, नुसती नजर फिरवली आणि म्हणाला, "ती भुरी न्हाई. व्यालेली." त्या मेंढीला दोन कोकरं होती. बायको नको म्हणत असताना तो परत फिरला.

मेंढी त्याला सापडली नाही. पाणी मात्र सापडलं. मळईच्या कडेच्या बाभळीवर तो चढला आणि उरलेला दिवस, ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार त्याने त्या बाभळीवर काढली. खालून मोठमोठी झाडं मुळासकट वाहत जात होती. एक छप्पर गेलं, त्यावर कोंबडी बसलेली होती. दुसऱ्या दिवशी मासे धरणाऱ्या लोकांनी थर्माकोलच्या तराफ्यावरून त्याला काढलं. बाभळीच्या काट्यांनी छाती आणि हात सोलून निघाले होते.

भागाबाई त्याला बघून रडली नाही. तिने त्याला घोंगड्यात गुंडाळलं आणि चहा पाजला. मग म्हणाली, "आता तरी हितून निघू."

"काहून?" दगडोबा म्हणाला. "तिनं मला सोडलं की. न्यायचं असतं तर नेलं नसतं का?"

यापुढे या दोघांच्या बोलण्यात नदीचा विषय निघाला की तो तिथंच येऊन अडकायचा. त्याच्या मते नदीने त्याला जीवदान दिलं होतं, म्हणून ती घर नेणार नाही. तिच्या मते नदी त्याला घ्यायला आली होती आणि तो चुकून राहिला.

पूर ओसरल्यावर जे दिसलं त्याला गावातल्या म्हाताऱ्यांकडेही नाव नव्हतं. नदीने वळणाची मान कापली होती. आधी ती मळईच्या पलीकडून वस्तीला वळसा घालून जायची, आता सरळ वस्तीच्या अंगाने वाहत होती. मळई, वांग्यांचे वाफे, समाधीचे दगड, सगळं नव्या पात्रात गेलं. जुनं पात्र पलीकडे कोरडं पडलं, त्यात डबकी राहिली आणि डबक्यांत मासे तडफडत मेले. बाभूळ मात्र उभी होती, नव्या पाण्याच्या अगदी कडेला.

"उन्हाळ्यात जाईल परत आपल्या जागी," दगडोबा म्हणाला. वस्तीतल्या सगळ्या पुरुषांचं हेच मत होतं. नदी वाट चुकली आहे, आणि पुढच्या पुरात जुन्या पात्राचं तोंड फोडून ती आपल्या जागी जाईल. दगडोबाने तर जुन्या पात्राच्या काठावर टरबुजांसाठी जागा धरून ठेवली, दगड मांडून.

हिवाळ्यात वस्तीवर एक जीप आली. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेची होती. तीतून एक साहेब उतरला, एक ड्रायव्हर, आणि पायांत बूट घातलेली एक तरुण मुलगी. साहेबाने सगळीकडे फिरून पाहिलं, मोजमाप केलं आणि तो दुसऱ्या गावी गेला. मुलगी मागे राहिली. तिचं नाव निता. आडनाव राठोड. भागाबाईने पाणी दिलं आणि विचारलं, "कुठली वो तुमी?"

"इथलीच, मावशी. कनेरगाव नाक्याच्या पुढं आमचा तांडा हाय. प्रेमदास राठोडांची पोरगी."

भागाबाईच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "नाक्याची? बापा! मंग माझ्या माहेरची झाली की तू. अन् बूट घालून नदीत काय करून राहिली?"

निता हसली. ती नांदेडला भूशास्त्र शिकली होती. तिचा बाप ऊस तोडायला जायचा, आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे, आणि ती घरातली पहिलीच मुलगी जी दहावीच्या पुढे गेली. हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही, पुढे हळूहळू कळलं. त्या दिवशी तिने जीपच्या टपावरून उतरवलेली वस्तू दाखवली. तीन तिकोनी पत्रे एका कोपऱ्यात जोडलेले होते, कोपऱ्यात भिंती आणि जमीन मिळावी तसे. उंची छातीपर्यंत. पत्रा अॅल्युमिनियमचा होता, ज्याला त्या भागात जर्मन म्हणतात. त्या जर्मनच्या पत्र्याचं तोंड पूर्वेला आणि थोडं आभाळाकडे करून दगडोबाच्या वाड्याला, म्हणजे मेंढरं बसवायच्या कुंपणाला लागून, ती वस्तू सिमेंटात रोवायची होती. तिथली जमीन कठीण होती.

"सुपावाणी दिसतंय," भागाबाई म्हणाली. तेव्हापासून त्याचं नाव सूप पडलं. निताही सूपच म्हणायला लागली.

सूप कशाला, हे मात्र भागाबाईने नीट विचारून घेतलं. तिला अर्धवट उत्तर चालत नसे. निता वाड्याच्या दगडावर बसून सांगू लागली. आभाळात एक उपग्रह फिरतो. साध्या उपग्रहाला फोटो काढायला ऊन लागतं. पुराच्या वेळी आभाळ भरलेलं असतं, म्हणून त्याला नुसते ढग दिसतात. हा वेगळा आहे. तो स्वतःच खाली लहरी सोडतो, आणि जमिनीवर आपटून परत आलेल्या लहरी मोजतो. त्याला ढगही आडवे येत नाहीत आणि अंधारही.

"तुमी धुक्यात मेंढरांना हाळी देता तवा पलीकडच्या दरडीवरून आवाज परत येतो का न्हाई?"

"येतो."

"अन् सपाट पाण्यावरून?"

भागाबाईने विचार केला. "न्हाई येत. पुढं निघून जातो."

"तसंच. पाणी असंल तिथून त्याच्याकडं काहीच परत जात न्हाई, म्हणून चित्रात पाणी काळं येतं. खडबडीत रान भुरकट. अन् हे सूप," निताने पत्र्यावर हात ठेवला, "याच्यात गेलेली लहर तीन पत्र्यांवर आपटून जिथून आली तिथंच परत जाते. म्हणून चित्रात हे पांढरंफेक टिपकं दिसतं. हे टिपकं हललं न्हाई पाहिजे. मंग त्याच्या आधाराने बाकी काय काय बदललं, ते बराबर कळतं. पुराच्या आधीची चित्रं आमच्याकडं हायेत. तो काही पुरासाठी आला न्हाई, तो फिरतच होता."

"मंग आमचं घर ऱ्हाईल का जाईल, ते सांगंल का?"

"पुढचं त्याला कळत न्हाई मावशी. काय झालं, तेवढंच."

भागाबाईला हे उत्तर आवडलं नाही, पण खरं वाटलं. सूप सांभाळायचं काम तिने घेतलं. म्हणजे आत पाणी साचू द्यायचं नाही, तळाचं भोक मोकळं ठेवायचं, गवत वाढू द्यायचं नाही आणि मेंढरांना त्यावर अंग घासू द्यायचं नाही. शेवटचं काम सगळ्यात अवघड होतं. दुपारी त्या पत्र्याची सावली मेंढ्यांना फार आवडायची.

उपग्रह महिना-सव्वा महिन्याने त्याच जागेवरून जायचा, सकाळी न्याहारीच्या सुमाराला. त्या दिवशी निता आलेली असायची. ती नव्या पात्रातल्या वाळूत लोखंडी गज ठोकून थर किती जाड ते बघायची, डबीत माती भरायची, काठाच्या कडेने चालायची. भागाबाई तिला भाकरी बांधून द्यायची. दगडोबा लांबून बघायचा. त्याला निताचा राग नव्हता, पण तिचं काम त्याला पटत नव्हतं. नदी वाट चुकली आहे, ती परत जाणार, मग मोजून काय करायचं?

पुढच्या वर्षी मृग बरा पडला, पेरण्या झाल्या, आणि मग पाऊस गेला. सोयाबीन हातभर येऊन माना टाकायला लागलं. आभाळ रोज भरून यायचं आणि दुपारपर्यंत मोकळं व्हायचं. गावात कुणीतरी म्हणालं, त्या सुपामुळे. त्याची चमक वर जाते आणि ढगाला परतवते. हे बोलणं आधी पारावर झालं, मग पिठाच्या गिरणीत, आणि मग गावातला सगळ्यात मोठा कास्तकार नरसिंग चार-पाच माणसं घेऊन वस्तीवर आला. त्यांच्याजवळ पहार होती.

भागाबाई मेंढीचं दूध काढत होती. ती उठून सुपासमोर उभी राहिली.

"बाजूला हो, भागाबाई," नरसिंग म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पुरानंतर वस्तीला पहिली ज्वारी त्यानेच पाठवली होती. "आमचं रान जळून राहिलं. हे काढतो, पाऊस आला की परत रोव."

"रोवता येत न्हाई मामा. एकदा हललं की आतापर्यंतचं सगळं मोजमाप वाया जातं."

"कोणाचं मोजमाप? तुला काय पडलं?"

"मला पडलंय," भागाबाई म्हणाली. "नदी माझ्या दाराला येऊन राहिली. तुमच्या न्हाई."

नरसिंग दगडोबाकडे वळला. "दगडोबा, तू सांग बायकोला."

दगडोबा कुंपणाला टेकून उभा होता. सगळ्यांना वाटलं तो नरसिंगच्या बाजूने बोलेल. भागाबाईलाही तसंच वाटलं. तो म्हणाला, "तिनं राखायला घेतलंय. दुसऱ्याचं राखायला घेतलेलं जनावर आपण असं देतो का?"

पहारवाला माणूस थांबला. पण आभाळ कोरडंच होतं, आणि नुसत्या शब्दांवर लोक परत जाणार नव्हते. शेवटी ठरलं की दोन दिवसांत निताला विचारायचं. भागाबाई हट्ट्याला पायी गेली आणि एका दुकानातून नागपूरला फोन लावला. लाइन खरखरत होती. निताने सगळं ऐकून घेतलं.

"चमकेची तकलीफ हाय ना त्यांना? मंग मावशी, त्याच्यावर घोंगडं टाका. ताणून बांधा, आत कोंबू नका. कोरडं असलं तर चालतंय. त्या लहरी कोरड्या लोकरीतून आरपार जातात. फक्त भिजलं की लगेच काढा."

भागाबाईने काळं घोंगडं घेतलं, दगडोबाने दोऱ्या वळल्या आणि दोघांनी मिळून सूप झाकलं. नरसिंग बघायला आला. भागाबाईने त्याला फसवलं नाही. "मामा, ते वरून याला बघतंय तरी बी. पण आता चमकत न्हाई."

नरसिंगने घोंगड्याभोवती एक चक्कर मारली. "चमक नको, बस," तो म्हणाला.

आठवडाभराने पाऊस आला. चांगला आला. भागाबाई भिजत जाऊन घोंगडं काढून आली. गावात मात्र पक्कं झालं की सूप झाकल्यामुळेच ढग खाली उतरले. पुढे जरा उघडीप झाली की गावातून कोणीतरी निरोप द्यायचं, "घोंगडं टाका म्हणावं." ती टाकायची. निताच्या साहेबाला हे कळलं तेव्हा तो म्हणे खूप हसला. निता हसली नाही. तिच्या तांड्यातही लोक असंच बोलले असते, असं ती म्हणाली.

त्या पावसाळ्यात पूर मोठा नव्हता. पाणी चढलं, उतरलं. नदी जुन्या पात्रात गेली नाही. बाभूळ गेली. एका सकाळी ती नव्हती, एवढंच. काठाचं ढेकूळ कधी इथं, कधी तिथं पाण्यात पडायचं. बघणारा म्हणायचा, "पडलं जरासं," आणि मेंढरं पुढे हाकायचा.

दिवाळीनंतर निता चित्रं घेऊन आली. मोठ्या कागदावर छापलेली. तिने ती वाड्यात जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. दगडोबाही येऊन बसला. चित्र म्हणजे सगळी भुरकट राख, त्यात काळा पट्टा.

"हा काळा पट्टा म्हंजी गंगा. हे पुराच्या आधीचं. अन् हे तुमचं वळण."

दगडोबाने वाकून पाहिलं. वळण त्याने लगेच ओळखलं. जन्मभर ज्याच्या पोटात तो राहिला, ते त्याने वरून कधी पाहिलेलं नव्हतं. त्याचं बोट वळणावरून फिरत गेलं आणि मळईच्या शेंड्याशी थांबलं. "माय हितं होती," तो म्हणाला.

"आमचं घर दाखव," भागाबाई म्हणाली.

"घर दिसत न्हाई मावशी. सगळी वस्ती मिळून हा एवढा डाग. पण हे बघा." पुढच्या चित्रात डागाला चिकटून एक पांढराशुभ्र ठिपका होता. भागाबाईने त्याच्यावर बोट ठेवलं. आपण पुसतो ते आभाळातून दिसतं, हे तिला माहीत होतं. पण बघितल्यावर तिला जरा हसू आलं.

मग निताने शेवटचा कागद काढला. त्यात दोन वेळची चित्रं एकावर एक ठेवली होती. जिथं काही बदललं नाही तिथं राखाडी. जिथं वाळू नव्याने येऊन पडली तिथं लाल. जिथली जमीन गेली तिथं निळं. जुन्या पात्राच्या तोंडाशी लाल रंगाचा एक मोठा जाड बुचका होता, तोंडापासून आत लांबवर गेलेला. आणि वस्तीच्या डागाच्या बाजूला निळ्याची लांबच लांब पट्टी होती.

दगडोबाला रंग समजावून सांगावे लागले नाहीत. तो लाल बुचक्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"हे वाळूनं बुजलं," तो म्हणाला.

"व्हय काका. मी गज ठोकून बघितला. काही ठिकाणी गज तळाला लागलाच न्हाई. अन् दर खेपेला ते वाढतच गेलं."

"मंग ती हितून कशी जाईल परत?"

दगडोबा उठला आणि मेंढरांकडे गेला. त्या दिवशी तो जेवायला उशिरा आला.

निळी पट्टी मात्र भागाबाईने पकडली. काठ वस्तीकडे किती आला, हे तिला रोज दिसत होतं, पण रोज थोडं थोडं. सगळं एका जागी जमा करून कोणी दाखवलं नव्हतं. निताने एक गोष्ट आणखी सांगितली. "पाणी चढतं तवा भिऊ नका एवढं. उतरतं तवा जपा. भिजलेल्या दरडीला पाण्याचा टेका निघून जातो, मंग ती पडते."

चित्रं आणि अहवाल कलेक्टर कचेरीत गेले. वस्ती हलवावी असं त्यात लिहिलं होतं. वरून काही आलं नाही. भागाबाईने वाट बघितली नाही. ती नरसिंगकडे गेली आणि गायरानाच्या कडेला मेंढरं बसवायला जागा मागितली. नरसिंगने ग्रामसभेत विषय काढला. एक-दोघांनी कुरकुर केली. नरसिंग म्हणाला, "तिच्या घोंगड्यानं पाऊस आला तवा तुमी गप होते ना?" जागा मिळाली.

दगडोबा घर सोडायला तयार नव्हता. भागाबाईने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने आधी मेंढरं हलवली. काट्याचं नवं कुंपण केलं, सीमाला सोबत घेतलं आणि कळप गायरानावर बसवला. पहिल्या दिवशी दगडोबा घरीच राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घोंगडं खांद्यावर टाकून गायरानावर आला आणि कळपाच्या कडेला बसला. मेंढरांपासून लांब त्याला झोप येत नसे, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मग तिने हळूहळू चूल आणली, कणगी आणली, पत्रे आणले. सिमेंटात रोवलेलं सूपही निताने माणसं लावून उखडलं आणि गायरानावर बसवलं. तिथून मोजणी नव्याने सुरू झाली.

वस्तीच्या बाकीच्या लोकांनी हे सगळं बघितलं आणि नावं ठेवली. पुढच्या पावसाळ्यात नदी नीट वागली. घर होतं तसं उभं राहिलं. पाणवठा लांब पडला म्हणून भागाबाईला पाण्याची प्रत्येक खेप दुप्पट पडायची, आणि वाटेत जुन्या शेजारणी विचारायच्या, "काय भागाबाई, गेलं का घर?" ती म्हणायची, "न्हाई अजून." दगडोबा रोज दुपारी जुन्या घरी जाऊन बसायचा. अंगण झाडायचा. एक दिवस तो तिला म्हणाला, "उगंच हलवलं तू." ती म्हणाली, "व्हय, उगंच." त्याला वाटलं ती चिडली. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

त्यानंतरच्या वर्षी, भादव्यात, सिद्धेश्वरच्या वरच्या बाजूला चांगला पाऊस झाला आणि पूर्णा काठोकाठ वाहिली. कुठल्याही घरात पाणी शिरलं नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं, ऊन पडलं, पाणी झपाट्याने उतरलं. बायकांनी वाकळा वाळत घातल्या. दगडोबा जुन्या घरी गेला होता. घराची चौकट सागवानी होती, बापाने बसवलेली. ती काढून नेऊ, असं त्याच्या मनात महिनाभर चाललं होतं आणि त्या दिवशी त्याने सब्बल घेऊन काम सुरू केलं.

चौकट निघाली. तो ती पाठीवर घेऊन अंगणातून चार पावलं चालला असेल. मागे काही आवाज झाला नाही, असं तो पुढे सांगायचा. आवाज नंतर झाला. आधी जमीन जरा खाली बसल्यासारखी वाटली. त्याने मागे बघितलं तेव्हा घराची नदीकडची भिंत नव्हती. मग उरलेलं घर वाकलं आणि मोठ्या धुळीसह खाली गेलं. त्याच्या पायापासून हातभर अंतरावर नवी दरड तयार झाली होती. उन्हात तिची ओली माती चकाकत होती.

शेजारची माणसं धावत आली. कोणाला काही लागलं नव्हतं. दगडोबा चौकट तशीच पाठीवर घेऊन उभा होता. कोणीतरी ती उतरवायला गेलं तर त्याने उतरवू दिली नाही. चौकट घेऊन तो सरळ गायरानावर आला आणि भागाबाईच्या समोर ती उभी करून ठेवली.

"गेलं," तो म्हणाला.

भागाबाईने त्याच्या पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं. "तुमी कुठं होते?"

"दारात."

मग ती रडली, मोठ्याने. पुराच्या वेळी जे रडली नव्हती तेही त्यात असावं. दगडोबा तिच्याजवळ बसला. "तिच्या मनात काही न्हाई," तो म्हणाला. "ना सोडायचं, ना न्यायचं. मीच उगं धरून बसलो." नदीबद्दल तो एवढं लांब याआधी कधी बोलला नव्हता.

त्या आठवड्यात वस्तीची सगळी घरं गायरानावर आली. टोमणे मारणाऱ्या शेजारणींना भागाबाईने काही म्हटलं नाही. तिने चुलीसाठी दगड काढून दिले आणि कोणाचं दार कुठल्या बाजूला असावं यावरून दोन घरांशी चांगलं कडाक्याचं भांडण केलं.

संस्थेचं काम संपलं तेव्हा निता शेवटची आली. ती आता दुसऱ्या नदीवर जाणार होती, विदर्भात. तिने सूप खोलून जीपच्या टपावर बांधलं. भागाबाईने तिला खण-नारळ दिला. निता बूट काढून तिच्या पाया पडली. "मावशी, तांड्यावर या कधी. नाक्याला उतरून कोणालाबी विचारा." भागाबाई पुढच्या उन्हाळ्यात माहेरी गेली तेव्हा खरंच तांड्यावर जाऊन आली. निता नव्हती, तिची माय होती. दोघींनी चहा घेतला आणि लेकींच्या लग्नाचं बोलल्या.

नव्या वस्तीला पाण्याची ओढाताण होती. सगळ्यांनी मिळून विहीर खणायला घेतली. वरची काळी माती गेली, मग पिवळी लागली, मग मुरूम लागेल असं वाटत असताना टोपलीत गोटे यायला लागले. गुळगुळीत, गोल, हातात बसतील असे. सोबत बारीक वाळू. खणणारा वर ओरडला, "हे तर नदीतले गोटे हायेत की वो!"

बायका-पुरुष विहिरीच्या काठावर जमले. दगडोबाने एक गोटा उचलून धुतला आणि भागाबाईच्या हातात दिला. तिने तो उलटापालटा करून बघितला. मग लांब खाली, उन्हात पांढऱ्या दिसणाऱ्या पूर्णेकडे बघितलं.

"म्हंजी हितं बी होती कधी," ती म्हणाली.

"व्हय."

"कवा?"

खणणाऱ्याने खालून रिकामी टोपली मागितली. भागाबाईने गोटे एका बाजूला काढायला सांगितले. मेंढरांच्या पाण्याच्या डोणीभोवती चिखल फार होत होता. तिथं अंथरायला ते बरे होते.